हात बधिर, पाय अस्थिर आणि अहवालात मात्र कमरेची गादी: निदानासाठी कुठून सुरुवात करावी?

खाडीकाठ

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ४९ वर्षे. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, आणि पित्ताच्या त्रासामुळे सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची एक गोळी गेली चार वर्षे घेत आहे. कमरेचे दुखणे सहा वर्षांपासून आहे. ते आता माझ्या ओळखीचे झाले आहे. घाटातून एसटीचा प्रवास झाला की वाढते, पाठ टेकली की कमी होते, आणि त्याविषयी माझी फारशी तक्रार नाही. प्रश्न आहे तो गेल्या चौदा महिन्यांत त्याच्या जोडीला आलेल्या लक्षणांचा, ज्यांचे उत्तर मला अद्याप कोणीही दिलेले नाही.

सुरुवात उजव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेपासून झाली. तिथे मुंग्या येत असत. दोन-तीन महिन्यांत त्या दोन्ही हातांच्या सर्व बोटांत पसरल्या, फळ्यावर लिहिताना खडू निसटू लागला आणि हजेरीपटावरील माझे अक्षर मलाच ओळखू येईना. साडीला पिन लावणे, ब्लाउजचे हूक लावणे, विळीवर नारळ खोवताना करवंटी फिरवणे ही कामे आता मुलीकडून करून घ्यावी लागतात. त्यानंतर पायांचे सुरू झाले. तळव्याखाली कापूस अंथरला आहे असे वाटते, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही आणि मागून येणारी मुले "बाई, चप्पल" असे सांगतात. न्हाणीत तोंडावर पाणी मारण्यासाठी डोळे मिटले की तोल जातो, आणि खळ्यातून अंधारात चालताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. वह्या तपासण्यासाठी मान खाली घातली की कधी कधी मानेपासून पाठीतून थेट पायांपर्यंत विजेचा झटका उतरल्यासारखे होते. लघवीची घाईसुद्धा वाढली आहे, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लपवून उपयोग नाही.

आतापर्यंत तीन डॉक्टरांना दाखवले. पहिल्या ठिकाणी कमरेचा एमआरआय केला, त्यात एल ४-एल ५ या ठिकाणी, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये, गादी सरकलेली निघाली. कमरेचा पट्टा, वजन कमी करणे आणि मुंग्यांसाठी गोळ्या असा सल्ला मिळाला. हातांविषयी विचारले तेव्हा "मणक्याचेच आहे सगळे" एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी नसांची विद्युत तपासणी झाली आणि साखरेमुळे नसा थोड्या कमकुवत झाल्या आहेत असे सांगण्यात आले. माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.९ आहे आणि गेली अनेक वर्षे ते सातच्या आसपासच राहिले आहे. तिसऱ्या डॉक्टरांनी अहवाल पाहिले, मला तपासले नाही, आणि या वयात बायकांना असे होते, मनावर घेऊ नका, असे सांगितले. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी रडले.

कमरेच्या गादीमुळे हात बधिर होऊ शकतात का? होत नसतील, तर मी नेमक्या कोणत्या तज्ज्ञाकडे जावे, आणि दहा मिनिटांच्या भेटीत काय सांगावे म्हणजे माझे म्हणणे पूर्ण ऐकले जाईल? पुन्हा पुन्हा रजा काढून कोल्हापूर किंवा मुंबई गाठणे मला शक्य नाही, त्यामुळे पुढची फेरी वाया जाऊ नये अशी इच्छा आहे.

चिऱ्याची पायरी

ताई, तुमचे लिहिणे वाचताना २०१८ सालातला मीच डोळ्यांसमोर उभा राहिलो. मी लांज्याजवळ राहतो, वय ६१. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे निदान समजू नये, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या शल्यचिकित्सकांनी कागदावर चित्र काढून समजावले होते आणि ते मी विसरलेलो नाही. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो, आणि त्याच्या खाली केवळ नसांचा जुडगा असतो. एल ४-एल ५ ची गादी त्या जुडग्यातील एखादी नस दाबू शकते. तसे झाले तर कुल्ल्यापासून पोटरीकडे, पावलाकडे किंवा अंगठ्याकडे कळ जाते. हातांच्या नसा मानेतून आणि छातीच्या अगदी वरच्या मणक्यापाशी निघतात, त्यामुळे कमरेची गादी कितीही सरकली तरी तिच्यामुळे हातातला खडू पडणार नाही. "मणक्याचेच आहे" हे उत्तर त्यामुळे अपुरे आहे. मणका कोणता, हे विचारायला हवे.

माझ्या बाबतीत उपचार गुडघ्यांवर होत होते. पायऱ्या उतरताना पाय कडक व्हायचे, चिऱ्याच्या पायरीवर पाऊल नेमके कुठे पडते ते कळत नसे, आणि घरचे म्हणत की वय झाले. हात जड पडत होते, पण मी बागेत काम करणारा माणूस, त्यामुळे ते श्रमाचे समजलो. मान दुखतच नव्हती, आणि म्हणून मानेकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. मानेत मज्जारज्जूवर दाब असतानाही मान अजिबात दुखू नये, हे पुष्कळांच्या बाबतीत घडते असे मला नंतर समजले. दीड वर्षानंतर एका मज्जाविकारतज्ज्ञांनी (न्यूरोलॉजिस्ट) हातोडीने गुडघ्यावर हलकेच ठोकले तेव्हा माझा पाय इतक्या जोराने उडाला की मीच दचकलो. त्यांनी मधल्या बोटाचे टोक खाली वाकवून एकदम सोडले तर अंगठा आपोआप आत वळला. मग त्यांनी दहा सेकंदांत मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायला सांगितली. निरोगी माणसाची वीस किंवा अधिक वेळा होते, माझी अकरा वेळा झाली. मानेचा एमआरआय त्यांनी त्यानंतर लिहून दिला, आणि त्यात काय दिसणार हे त्यांना आधीच ठाऊक होते असे मला वाटते.

२०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तिच्याविषयी खरे ते सांगतो. चालणे पुष्कळ सुधारले, हात अर्धे सुधारले, आणि बोटांच्या टोकांचा बधिरपणा आजही आहे. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू बिघाड तिथेच थांबवणे हा असतो आणि गेलेले किती परत येईल याची हमी कोणी देत नाही, हे मला आधीच स्पष्ट सांगितले होते. म्हणूनच त्या दीड वर्षाची मला आजही हळहळ वाटते.

एक कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे मान मोडून देणारे, पाठीवर पाय देऊन चोळणारे लोक गावोगावी आहेत आणि घरातली मंडळी प्रेमानेच तिकडे घेऊन जातात. मान खाली घातल्यावर वीज उतरते असे लक्षण असताना मानेला कोणाचाही हात लावू देऊ नका, आणि तज्ज्ञाने तपासल्याशिवाय मानेला ताण देणारी वजनेही घेऊ नका. आणि बैठकीचा, म्हणजे दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला, लघवी अडकली, शौचावरचा ताबा गेला किंवा पायांतली ताकद एक-दोन दिवसांत झपाट्याने कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

कुडाळची निवृत्त परिचारिका

मी सिंधुदुर्गात शासकीय सेवेत होते, आता निवृत्त आहे. वरच्या काकांनी मानेविषयी लिहिले ते महत्त्वाचे आहे, पण ताईंच्या लिहिण्यातील दुसऱ्या काही गोष्टींवर माझे लक्ष थांबले. मेटफॉर्मिन नऊ वर्षे, आम्लपित्ताची गोळी चार वर्षे, चप्पल पायातून निसटणे आणि डोळे मिटल्यावर तोल जाणे, हे सगळे एकत्र वाचल्यावर मला एकच गोष्ट विचारावीशी वाटते: तुम्ही मासे खाता का? किनाऱ्यावरचे म्हटले की सगळे असे गृहीत धरतात की ताटात मासळी आहेच. पण माळ घातलेली कितीतरी कुटुंबे आपल्याकडे आहेत, आणि बारा-पंधरा वर्षे मासे, अंडी आणि मांस पूर्ण बंद असेल, दूधही चहापुरतेच असेल, तर बी १२ जीवनसत्त्व कमी पडण्याचा धोका वाढतो. त्यात मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणारी गोळी या दोन्ही बी १२ चे शोषण कमी करतात. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी १२ अधूनमधून तपासावे, विशेषतः मुंग्या किंवा रक्तक्षय असेल तर, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलेले आहे. प्रत्यक्षात ही तपासणी राहून जाते, हे मी सेवेत असताना अनेकदा पाहिले.

बी १२ ची कमतरता केवळ नसांना इजा करते असे नाही. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने जे तंतू पायांची जागा, कंप आणि स्पर्श मेंदूला कळवतात, त्यांच्यावरचे आवरण झिजू लागते. पाय कुठे आहे हे मेंदूला कळेनासे झाले की माणूस डोळ्यांच्या आधारावर चालतो, आणि म्हणून अंधारात किंवा तोंड धुताना तोल जातो. मान वाकवल्यावर उतरणारी वीजही या आजारात असू शकते. हिमोग्लोबिन चांगले असले तरी हा बिघाड होऊ शकतो, त्यामुळे "तुम्हाला रक्तक्षय नाही" एवढ्यावरून बी १२ ठीक आहे असे समजू नये. फोलिक आम्लाच्या गोळ्या एकट्याच चालू असतील तर रक्ताचे चित्र सुधारते आणि नसांचा बिघाड आत चालूच राहतो, हेही लक्षात ठेवावे.

एक व्यवहाराची सूचना. नसांसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत बी १२ असते. ती सुरू केल्यानंतर रक्त तपासले तर आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ कारण झाकले जाते. म्हणून आधी रक्त द्यावे, नंतर औषध सुरू करावे, आणि आधीच गोळ्या घेतल्या असतील तर पाकिटांसह डॉक्टरांना दाखवावे. आकडा सीमेवरचा आला, तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल या तपासण्यांनी उलगडा होतो. पण मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आहे.

खाडीकाठ

परिचारिकाताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. सासरी सगळे वारकरी आहेत, मी २००९ साली माळ घातली, तेव्हापासून मासे आणि अंडी बंद आहेत. दूध मला पचत नाही. बी १२ आजवर कोणीही तपासले नाही. मुंग्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर आता पाहिले, त्यात मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी १२ च, लिहिले आहे. त्या मी दीड महिना घेऊन आठ महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. मूठ मिटण्याची चाचणीही करून पाहिली, उजव्या हाताची तेरा वेळा झाली. आता भीती वाटते आहे, पण निदान विचारायचे काय ते तरी कळू लागले आहे.

घाटमाथा

मी औषधवैद्यक शास्त्रातील (जनरल मेडिसिन) डॉक्टर आहे आणि सिंधुदुर्गात व्यवसाय करतो. न तपासता निदान करणे योग्य नाही, ते मी करणार नाही, पण तुमच्या भेटीची तयारी कशी करावी हे सांगू शकतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांनी बोट बरोबर जागी ठेवले आहे. मला त्यात भर घालायची आहे ती विचार करण्याच्या क्रमाची.

मज्जासंस्थेच्या आजारात आधी बिघाड कुठे आहे ते ठरवायचे असते, आणि मग तो कशाचा आहे ते. चित्रापासून सुरुवात केली की हा क्रम उलटा होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या ३,११० व्यक्तींची चित्रे एकत्र अभ्यासली गेली होती, आणि वयाच्या पन्नाशीत त्यांतील सुमारे ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे ४९ वर्षांच्या कोणत्याही माणसाचा कमरेचा एमआरआय काढला तर त्यात काहीतरी सापडण्याचीच शक्यता जास्त. सापडलेली गोष्ट त्रासाचे कारण आहे की केवळ सोबतीला आहे, हे शरीर तपासूनच ठरते. तुमच्या बाबतीत ते तपासणे राहून गेले, आणि त्याबद्दल एक डॉक्टर म्हणून मला वाईट वाटते.

"साखरेमुळे नसा कमकुवत" हे निष्कर्ष म्हणून चूक नसेलही, पण त्याने तुमची सगळी लक्षणे उलगडत नाहीत. मधुमेहातील नसांचा आजार सहसा सर्वांत लांब नसांपासून, म्हणजे पायांच्या बोटांपासून सुरू होतो, वर चढत गुडघ्याच्या आसपास येतो आणि मग हातांच्या बोटांत दिसू लागतो. तुमचे हात आधी आणि पाय नंतर, हा क्रम त्याच्या विरोधात जातो. शिवाय नसांची विद्युत तपासणी हातापायांतील नसा पाहते, मज्जारज्जूचा बिघाड तिच्यात दिसत नाही. ती जवळपास ठीक आली म्हणून मज्जारज्जू ठीक, असे म्हणता येत नाही. हातोडीची तपासणी येथे निर्णायक ठरते. मज्जारज्जूवर दाब असेल तर दाबाच्या खालचे प्रतिक्षेप, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर आपोआप होणारे झटके, वाढतात आणि तळव्यावरून टोकदार वस्तू ओढल्यावर पायाचा अंगठा वर उठतो. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये नोंदवलेली ही खूण आजही यंत्रांच्या बरोबरीने उपयोगी पडते. उलट नसांच्या आजारात प्रतिक्षेप मंदावतात. तुमच्यासारख्या रुग्णात गुडघ्याचे वाढलेले आणि घोट्याचे गेलेले असे संमिश्र चित्रही दिसू शकते, आणि तसे दिसले तर दोन कारणे एकत्र आहेत का हा प्रश्न विचारावाच लागतो. एकच कारण शोधण्याच्या आग्रहापायी दुसरे निसटते.

इतर शक्यतांचा उल्लेख तुम्हाला घाबरवण्यासाठी करत नाही. त्या तपासून बाजूला ठेवायच्या असतात. करंगळी आणि अनामिकेपासून सुरुवात झाली म्हणून कोपरापाशी असलेली नस दबली आहे का, हे हाताने चाचपून पाहावे, आणि ती जाड लागली किंवा अंगावर कुठे बधिर चट्टा असला तर कुष्ठरोगाची तपासणी न संकोचता करावी, कारण तो आजार आपल्या राज्यातून गेलेला नाही आणि त्यावरचे औषध शासकीय केंद्रात मोफत मिळते. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे पाठीचे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयरोगाचा विचार होतो. थायरॉइडची तपासणी सोपी आहे, ती करून घ्यावी. घरची आंब्याची कलमे असतील आणि फवारणीच्या काळात तुम्ही बागेत असाल, तर कोणती औषधे वापरली तेही सांगा, कारण काही ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या मोठ्या मात्रेनंतर काही आठवड्यांनी नसांना इजा होऊ शकते. चौदा महिने हळूहळू वाढत जाणाऱ्या त्रासाशी ते फारसे जुळत नाही, तरी माहिती असावी. एखाद्या वेळी मेंदूचा एमआरआयही लागतो, विशेषतः पूर्वी कधी एका डोळ्याची दृष्टी काही दिवस मंद झाली असेल तर.

तुम्ही मज्जाविकारतज्ज्ञांकडे जा. मणक्याच्या शल्यचिकित्सकांकडे त्यानंतर. राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर जवळ पडते, आमच्याकडची मंडळी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात, आणि मुंबईत परळचे केईएम किंवा भायखळ्याचे जे. जे. येथे मज्जाविकाराचा स्वतंत्र विभाग आहे. दूरध्वनीवरील किंवा दृश्यसंवादावरील सल्ला या कामासाठी पुरेसा नाही, कारण हातोडी पडद्यातून पोहोचत नाही. बी १२, थायरॉइड आणि नेहमीच्या रक्तचाचण्या गावाजवळच करून अहवाल सोबत न्या, म्हणजे एक फेरी वाचेल. एमआरआयचा केवळ लेखी अहवाल नको, फिल्म किंवा सीडी न्या.

आणि दहा मिनिटांत काय सांगावे, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. एका पानावर लक्षणे ज्या क्रमाने आली त्या क्रमाने, महिना लिहून, स्वतःच्या शब्दांत मांडा. "चप्पल निसटते आणि मुले सांगतात" हे वाक्य मला दहा अहवालांपेक्षा अधिक सांगते, ते तसेच लिहा. दोन वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या हजेरीपटाचे छायाचित्र घ्या. मुलीला तुमच्या चालण्याचे आणि वळण्याचे छोटे चित्रण करायला सांगा. कमरेच्या दुखण्याने सुरुवात करू नका, कारण ते ऐकताच संभाषण कमरेकडे वळते. पहिले वाक्य असे असू द्या: माझे हात चौदा महिन्यांपासून निकामी होत आहेत आणि चालताना तोल जातो. मग शांतपणे विचारा की कमरेच्या एमआरआयमध्ये जे दिसते त्याने माझे हात उलगडतात का. नसतील उलगडत, तर मानेचा विचार करावा का, हा पुढचा प्रश्न डॉक्टर स्वतःच विचारतील.

वाळूचा बांध

माझा अनुभव वेगळा आहे, तो सांगावासा वाटतो, कारण सगळ्यांनाच अहवालात उत्तर मिळते असे नाही. मी मालवणजवळचा, वय ३४. कमरेची गादी सरकल्यानंतर काही महिन्यांनी माझा डावा पाय ओढला जाऊ लागला आणि अंगात थरथर सुरू झाली. मान, कंबर, मेंदू, रक्त, सगळे ठीक निघाले. दोन वर्षे मला कोणी ढोंगी म्हटले, कोणी देवस्कीचे सांगितले, आणि मी स्वतःही स्वतःवर संशय घेऊ लागलो. शेवटी एका मज्जाविकारतज्ज्ञांनी मला खाटेवर झोपवून निरोगी पाय वर उचलायला सांगितला आणि ओढल्या जाणाऱ्या पायाच्या टाचेखाली स्वतःचा हात ठेवला. स्वतःहून खाली दाबताना त्या पायात जोर नव्हता, पण दुसरा पाय उचलताना तोच पाय आपोआप पूर्ण ताकदीने खाली दाबला जात होता. मज्जासंस्थेची रचना शाबूत आहे, कार्यात बिघाड आहे, असे निदान त्यांनी केले. हे निदान अशा ठोस खुणांवरून होते, "काहीच सापडले नाही म्हणून मनाचे" असे ते नसते, आणि विशिष्ट पद्धतीच्या फिजिओथेरपीने मी आज होडीवर काम करतो.

ताई, तुमच्या खुणा माझ्यापेक्षा वेगळ्या वाटतात. तरीही "मनावर घेऊ नका" असे पुन्हा कोणी म्हटले तर कोणत्या खुणेवरून तसे म्हणता, एवढे जरूर विचारा. मला ते विचारायला दोन वर्षे लागली.

खाडीकाठ

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, म्हणून पुढचे सांगणे माझे कर्तव्य आहे.

रक्तचाचण्या आधीच केल्या. बी १२ फक्त १३८ पिकोग्रॅम निघाले, तेथील प्रयोगशाळेची खालची मर्यादा २०० आहे. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे ठीकच. थायरॉइड ठीक. मग कोल्हापुरात मज्जाविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. त्यांनी माझे एक पान पूर्ण वाचले, हजेरीपटाची दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि नंतर पाऊण तास तपासले. गुडघ्याचे प्रतिक्षेप वाढलेले, घोट्याचे जवळपास नाहीत, मधले बोट सोडल्यावर अंगठा आत वळतो, आणि कंप पाहण्याचा चिमटा घोट्यावर ठेवला तेव्हा मला काहीच जाणवले नाही. घाटमाथा सरांनी लिहिलेले संमिश्र चित्र तंतोतंत तेच होते. संपूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. सी ५-सी ६ येथे, म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमध्ये, गादी आणि वाढलेले हाड मिळून मज्जारज्जू दाबत आहेत आणि त्या जागी मज्जारज्जूत पांढरट डाग दिसतो. कमरेचे जुने आहे तसेच आहे, त्याला हात लावण्याची गरज नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

म्हणजे कारणे दोन निघाली. बी १२ ची इंजेक्शने त्याच दिवशी सुरू झाली, आधी एक दिवसाआड, नंतर आठवड्याला. माळ न मोडता हे औषध घेता येईल का असे मी विचारले, तेव्हा त्यांनी हसून सांगितले की ते जिवाणूंपासून बनवलेले असते, त्याला मासळी लागत नाही. माझ्या सासूबाईंना हे ऐकून फार समाधान वाटले. मानेसाठी मणक्याच्या शल्यचिकित्सकांची भेट पुढच्या बुधवारी आहे. हात, पाय, संवेदना आणि लघवी यांवरून १८ पैकी गुण देतात, माझे १३ आले. १२ ते १४ हा मध्यम गट असून त्यात शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो, एवढे त्यांनी सांगितले. इंजेक्शनांनी बरे वाटेपर्यंत मानेचे थांबवता येईल का, हा प्रश्न माझ्या मनात आहे. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी बुधवारच्या भेटीसाठी काही सुचवावे.

घाटमाथा

चांगले तपासणारे तज्ज्ञ तुम्हाला लाभले याचा आनंद आहे. थांबण्याविषयी: बी १२ ने जे सुधारायचे ते सुधारायला महिने लागतात, पण दाब इंजेक्शनाने कमी होत नाही, आणि मज्जारज्जूत बदल दिसत असताना मध्यम गटात केवळ सुधारणेची वाट पाहणे मला योग्य वाटत नाही. तरीही हा प्रश्न शल्यचिकित्सकांना याच शब्दांत विचारा, आणि बी १२ चा अहवाल त्यांच्यासमोर ठेवा, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काय सुधारेल याचा अंदाज ते दोन्ही कारणे धरून देतील. भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. पहिली, मानेत मज्जारज्जू दबलेला आहे, म्हणजे नळी घालताना मान मागे वाकवली जाणार नाही. दुसरी, बी १२ कमी होते, कारण नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू बी १२ निष्क्रिय करतो आणि तुमच्यासारख्या रुग्णात तो टाळलेला बरा.

कुडाळची निवृत्त परिचारिका

जिल्हा परिषद शिक्षिका म्हणून वैद्यकीय प्रतिपूर्तीचे कागद तुम्हाला करता येतील, पण त्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का ते विचारा. दोन्हीकडे एकाच खर्चाचा दावा करता येणार नाही. मूळ केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी मुलीच्या हाती द्या, तुमच्या नको.

चिऱ्याची पायरी

ताई, बुधवारी एक गोष्ट करा. निघण्यापूर्वी वहीच्या एका पानावर दहा ओळी लिहा, मूठ किती वेळा मिटते ते दोन्ही हातांचे लिहा, आणि तारीख टाका. मी दर महिन्याला असे पान लिहीत होतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन महिने मला काहीच फरक वाटत नव्हता, मन खचत होते, पण पाने शेजारी ठेवली तेव्हा अकराचे सोळा झालेले दिसले. घाटातून जाताना पुढच्या बाजूचे आसन घ्या, मागचे धक्के मानेला सोसवणार नाहीत. कोल्हापुरात माझा भाऊ राहतो, मुक्कामाची अडचण असेल तर येथे कळवा, मी त्याला सांगून ठेवतो.